एका खोलीतल्या दोन चुली

११ फेब्रुवारी

भाऊजी,

माझं अक्षर ओळखून तुम्ही हे पाकीट तसंच बाजूला टाकाल, म्हणून पत्ता मुलीकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहे तर वाचूनच टाका. फोन तुम्ही उचलत नाही, तुमच्या दादांचाही नाही. हा पत्ता तुमच्या जुन्या रंगकाम कंत्राटदाराकडून काढला. त्याला आधी काही केल्या आठवेना. दुकानात त्याच्या दोन पँटी फुकट आखूड करून दिल्या, तेव्हा कुठे आठवला.

कामाचं आधी लिहिते. चार मार्चला घरांच्या ऑफिसातून दुसऱ्या तपासणीला माणूस येणार आहे. ही शेवटची तपासणी. कागदावर तुमच्या चुलीत दोन माणसं आहेत, तुम्ही आणि आई. तुम्ही त्या दिवशी तुमच्या बाजूला हजर असलात तर सही करायची आणि मोकळं व्हायचं. नसलात तर आईंचा जबाब घेणार म्हणे. तुम्ही या. एक दिवसाची रजा काढून या आणि हवं तर माझं तोंड न बघता परत जा.

आई बऱ्या आहेत. जेवतात, फिरतात, गुडघे दुखतात म्हणतात पण ते काही नवीन नाही.

प्लायवुडची भिंत तशीच आहे. तुम्ही जाताना तुमच्या बाजूचा एक खिळा निघाला होता, तो दादांनी ठोकला. त्यांना लिफ्ट दुरुस्त करता येतात, खिळा मात्र वाकडा गेला. खोली मी पुन्हा एकदा टेपने मोजली. अकरा फूट बाय साडेनऊ, मधे भिंत घातली तरी तेवढीच. का मोजली कोण जाणे.

तुम्ही गेल्यापासून तुमचे दादा असं बोलतात, जणू हे सगळं मी एकटीने केलं. म्हणून एकदा लिहूनच ठेवते. कल्पना माझी होती, कबूल. इमारत पाडणार, शहराच्या टोकाला स्वस्त घरं देणार, एका चुलीला एक घर, हे ऑफिसच्या पाटीवर मी वाचलं. माणसं मोजणार नाहीत, कपाटं मोजणार नाहीत, चूल मोजणार. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, मग आपल्या घरात दोन असायला काय हरकत आहे, असं मीच म्हणाले. पण एकट्या माणसाची चूल ते धरत नाहीत, तेव्हा 'आईला माझ्या बाजूला घाला,' हे तुम्ही म्हणालात. आणि चूल वर्षभर वेगळी आहे अशी दोन शेजाऱ्यांची सही लागते, हे तुमच्या दादांनी शोधून आणलं. तिघंही मिळून चढलो त्या झाडावर.

सही खोटी मागायची तर एका बाजूला शेजारीण, आपली रेडिओ. तिच्या कानात पडलेली गोष्ट दुपारच्या आत चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या बाजूला घड्याळवाले काका, ते खोटी सही मेले तरी करणार नाहीत. म्हणून ठरलं की त्यांना खरंच वाटलं पाहिजे. पंधरा दिवसांनी एक भांडण, गॅलरीत, नळाला पाणी असताना, म्हणजे सगळे बाहेर असतात. दुकानातल्या मापाच्या चिठ्ठ्यांच्या मागे मी कुणी काय बोलायचं ते लिहून द्यायची. तुम्हाला ते जमायचं. तुमच्या दादांना मी 'पुरे झालं' एवढं एकच वाक्य दिलं होतं, तेही ते भलत्याच जागी म्हणायचे. आठवतं? बसस्टॉपवर तालीम करताना तुम्ही हसून हसून खाली बसला होतात.

आणि हसण्यासारखंच होतं ते. त्या वर्षी आपल्या इमारतीत सख्ख्या भावांचं एकाएकी पटेनासं झालं होतं. सासवांना कंठ फुटले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गरीब नवरा-बायकोनेही वेगळं व्हायचं ठरवलं, मग त्यांना कुणीतरी सांगितलं की नवरा-बायकोला दोन घरं देत नाहीत, तेव्हा संध्याकाळी पुन्हा एकत्र झाले. कुणाचं खरं, कुणाचं नाटक, कुणालाच कळत नव्हतं.

आईंना सांगायचं नाही, हेही तिघांनीच ठरवलं. दवाखान्यात चुकून आधीचा नंबर मिळाला तर उठून 'माझा मागचा आहे' असं सांगणारी बाई ती. तपासणीवाल्याने विचारलं असतं तर सगळं सांगून वर त्याला पाणी दिलं असतं.

त्या शेवटच्या भांडणाच्या रविवारी मी जरा जास्त बोलले असेन. भरात माणूस बोलतो. काय बोलले ते आता नीट आठवतही नाही. एवढ्यावरून कुणी घर सोडून जातं का?

चार मार्च. मंगळवार आहे. सकाळी दहा.

वहिनी


२६ फेब्रुवारी

भाऊजी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी दुकानातून आले की जिन्याखालच्या पेटीत हात घालून बघते.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. आई बऱ्या नाहीत. तसा आजार कुठला नाही. पण तुम्ही गेलात त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडचं जेवण घेतलेलं नाही. पाचवा महिना चालू आहे. तुमच्या स्टोव्हवर स्वतःचं स्वतः करतात. एक बटाटा, मूठभर भात. भात लागला की वास माझ्या बाजूला येतो, तेव्हा कळतं की आज त्यांना उठायला उशीर झाला. मी भांडं भरून प्लायवुडच्या टोकाला लावलेल्या पडद्याखालून सरकवायची. संध्याकाळी ते तसंच, झाकणासकट, माझ्या बाजूला आलेलं असायचं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भांडायला मला येतं, तुम्हाला माहीतच आहे.

त्यांची कॉट प्लायवुडला लागून आहे आणि मीही त्याच भिंतीशी झोपते. त्या कूस बदलतात ते मला कळतं, म्हणजे माझं त्यांनाही कळत असणार. पोरगी मात्र जाते-येते. आजी तिचे केस विंचरून देते, शाळेचं विचारते. मी कान लावून ऐकते, माझं नाव कुठे येतं का म्हणून. येत नाही.

दुपारी नळावर रेडिओ मला म्हणाली, ''मोठी सून ना तू, एवढं मन घट्ट कसं गं तुझं? म्हातारी एकटीच बादली उचलते.'' आपणच तिला वर्षभर तेच पटवत होतो. त्या घड्याळवाल्या काकांनी तर मला नमस्कार करणंही सोडलंय. आईंची बादली तेच उचलतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग परवा मी ठरवलं, मरू दे तपासणी. पडदा सारून आत गेले आणि सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, तालीम, बसस्टॉप. आई बटाटा सोलत होत्या. माझं सगळं होईपर्यंत त्यांनी तो पूर्ण सोलला. मग म्हणाल्या, ''नाटक होतं? बरं.''

एवढंच. बरं म्हणाल्या आणि दुसरा बटाटा घेतला.

त्यांचा विश्वास बसला नाही, भाऊजी. का बसावा? घर मिळायची वेळ आली आणि सून गोड बोलायला आली. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच समजले असते. तुमच्या दादांना पाठवलं, तर ते पडद्याजवळ उभं राहून 'आई, अगं तसं काही नव्हतं' म्हणाले आणि कामावर गेले.

म्हणून घरासाठी नाही, यासाठी या. तुमचं त्या ऐकतील. तुम्ही फक्त एवढं सांगा की ते नाटक होतं, तुम्ही स्वतः त्यात होता. मग त्या आमच्याकडे जेवतील. मला दुसरं काही नको.

वहिनी


५ मार्च

भाऊजी,

तुम्ही आला नाहीत. घर मिळालं. दोन्ही मिळाली.

तपासणीवाला सर्दीने बेजार होता. एका हातात रुमाल, एका हातात फायली. आधी आमची चूल बघितली, गॅसवर हात धरून गरम आहे का ते पाहिलं. मग पडदा सारून पलीकडे गेला. मी इकडे भिंतीला कान लावून उभी. कान लावायचीही गरज नव्हती. गॅलरीत रेडिओ आणि काका सहीसाठी थांबले होते.

त्याने विचारलं, ''आजी, तुम्ही त्यांच्यात राहता की वेगळ्या?''

आई म्हणाल्या, ''वेगळी. ही चूल माझी आणि धाकट्याची. तो कामाला बाहेरगावी आहे.''

''कधीपासून वेगळ्या?''

''स्टोव्ह दीड वर्षापूर्वी आणला. मी वेगळी झाले ऑक्टोबरात.''

तो शिंकला. मग म्हणाला, ''कारण काय? लिहावं लागतं. बऱ्याच ठिकाणी लोक आम्हाला बनवतात हो.''

आणि मग आईंनी ते सांगितलं. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. पोस्टात पत्ता सांगतात तसं सांगितलं. ''सून सगळ्यांसमोर म्हणाली, म्हातारी गेली की या खोलीत पाय पसरता येतील. मग मी कशी राहू त्यांच्यात, साहेब?''

तो माणूस लिहायचा थांबला. बाहेर रेडिओ हुंदका देऊन म्हणाली, ''मी ऐकलंय या कानांनी.'' काकांनी सही केली. तपासणीवाला जाताना माझ्याकडे बघून गेला. तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमचे दादा जिन्यापर्यंत त्याला पोचवून आले आणि म्हणाले, ''झालं एकदाचं.''

आता खरं लिहिते. मला ते वाक्य आठवत होतं. पहिल्यापासून, शब्दन् शब्द. त्या दिवशीच्या चिठ्ठीत ते नव्हतं. चिठ्ठीत होतं, 'तुमची आई तुम्हालाच लखलाभ.' ते मी म्हणाले, आणि थांबायचं होतं तिथे थांबले नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तुम्ही पुढचं वाक्य विसरून माझ्याकडे बघत राहिलात, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. तुमच्या दादांनी मात्र ठरल्याप्रमाणे 'पुरे झालं' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर जागी.

वहिनी


२० जून

भाऊजी,

इमारत गेली. आधी दारं-खिडक्या काढल्या, मग गॅलऱ्या, मग वरून खाली. आपली खोली दोन दिवस रस्त्यावरून उघडी दिसत होती, तुम्ही मारलेल्या त्या फिक्या निळ्या रंगासकट. प्लायवुडचा तक्ता कुणीतरी आधीच उचलून नेला. मी दुकानात जाताना बघायची आणि येताना दुसऱ्या रस्त्याने यायची.

चिठ्ठ्या टाकून घरं वाटली. आम्हाला दोन नंबरची इमारत, पहिला मजला. तुम्हाला आणि आईंना पाच नंबरची, सहावा मजला. मला वाटलं होतं की आई आमच्याकडे राहतील आणि तुमचं घर तुम्ही येईपर्यंत बंद ठेवू. तर ऑफिसवाल्यांनी सांगितलं, सहा महिने कुलूप दिसलं तर घर परत घेणार. मी म्हणाले, आपण आळीपाळीने जाऊन दिवा लावू, कपडे वाळत घालू. नाटकाची हौस अजून फिटली नव्हती बघा माझी. आई म्हणाल्या, ''कशाला? माझं घर आहे. मी राहीन.'' आणि कॉट सहाव्या मजल्यावर न्यायला सांगितली.

घर चांगलं आहे हो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आतच नळ, आतच संडास. मुलीला स्वतःचं टेबल आहे. पहिल्या दिवशी तिने सगळे दिवे लावले आणि सगळे बंद केले, तासभर तेच. मी मात्र अजून कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन झोपते. अकरा वर्षं तसंच झोपले. कॉटवर आई, कॉटखाली पोर, आम्ही दोघं जमिनीवर तिरके, तुम्ही दाराशी, अर्धे गॅलरीत. रात्री कुणाला उठायचं झालं तर सगळ्यांना उठावं लागायचं. तुमच्या दादांना मी त्या खोलीत कधी धड जवळ घेतलं नाही, हे दिराला लिहायची गोष्ट नाही, पण आता कशाची लाज धरू?

आणि त्या अकरा वर्षांत मी ते कितीतरी वेळा मनात म्हटलं होतं. म्हातारी गेली की. वाईट चिंतून नाही. जसं आपण म्हणतो, पगार झाला की, सुट्टी लागली की. कॉटची जागा मी डोळ्यांनी मापायची. सहा बाय अडीच. तिथे काय काय बसेल त्याचा हिशेब करायची. तुम्ही मला विचारलं असतंत की 'वहिनी, ते खरं होतं का', तर मी तोंडावर नाही म्हटलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत. बरं केलंत.

इथे कुणी कुणाचं नाही. दारं लोखंडी, त्यांना बारीक भोकं, आतून डोळा लावून बघतात आणि उघडत नाहीत. जुन्या इमारतीत सात वाजेपर्यंत कुणाचं दार उघडलं नाही तर तीन जण येऊन ठोकायचे. रेडिओ सात नंबरला आहे. परवा बाजारात भेटली, माझ्याशी न बोलता जाईल असं वाटलं, तर हात धरून रडायलाच लागली. म्हणाली, ''दिवसभर कुणाशी बोलू गं? भिंतीशी?'' काकांना मुलगा घेऊन गेला, कुठे ते ठाऊक नाही.

पाच नंबरची लिफ्ट बसवल्यापासून बंद आहे. तुमचे दादा म्हणतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे, एक पट्टा आणि एक स्विच. पण ठेका दुसऱ्या कंपनीचा, हात लावला तर यांची नोकरी जाईल. शहरभरच्या लिफ्ट चालू करणारा माणूस आईला भेटायला सहा मजले चढतो. महिन्यातून दोनदा. आई तर एकदा वर गेल्या त्या खाली उतरल्याच नाहीत.

मी रोज जाते. डबा घेऊन. आता तो परत येत नाही, धुवून पालथा घातलेला मिळतो. मी खूश झाले होते. मग लक्षात आलं, सहा मजले उतरून बाजार करणं त्यांना झेपत नाही, म्हणून घेतात. दारातच घेतात.

तुम्ही या ना. सगळं झालं आता, घर नावावर आहे, कुणी तपासणीला येणार नाही. एकदा या आणि त्यांना सांगा.

वहिनी


९ सप्टेंबर

भाऊजी,

हे शेवटचं. आणि यात 'या' असं कुठेही लिहिणार नाही.

काल मी डबा घेऊन गेले तर आईंनी पहिल्यांदाच आत बोलावलं. तुमचं घर मी नीट बघितलंच नव्हतं. एका खोलीत कॉट, दुसरी पूर्ण रिकामी, झाडलेली. खिडकीतून पाण्याच्या टाक्या दिसतात. मी जमिनीवर बसले. आणि का कोण जाणे, मी ते सगळं बोलून टाकलं. तुम्हाला जूनमध्ये लिहिलं तेच. की बाकी नाटक होतं, पण ते वाक्य माझं होतं. खरं होतं. मी म्हणाले, ''आई, हवं तर मला मारा, पण माझ्याकडे राहायला चला.''

आई म्हणाल्या, ''नाटक आहे ते मला दुसऱ्या भांडणाच्या वेळीच कळलं होतं. तुझ्या गाऊनच्या खिशात चिठ्ठी राहिली होती, धुताना हाताला लागली. एका बाजूला कंबर चौतीस, लांबी चाळीस. दुसऱ्या बाजूला तुझं बोलणं.''

मी विचारलं, ''मग तेव्हाच का नाही बोललात?''

''कशाला बोलू? पोरांना दोन घरं मिळत होती. प्रत्येकजण आपलं आपलं काम करत होता, मीही माझं केलं. त्या शिंकणाऱ्या माणसालाही खोटं काही सांगितलं नाही.''

मला हसू आलं आणि लगेच रडू. मी म्हणाले, ''म्हणजे त्या वाक्याचाच राग.''

''नाही गं. माझी सासू त्याच खोलीत नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. मीही रोज हेच म्हणायचे. तू गॅलरीत म्हणालीस, मी मनात. एवढाच फरक. ते ऐकलं आणि मला वाटलं, फेड झाली.''

फेड झाली म्हणाल्या, आणि हसल्या थोड्याशा. भाऊजी, मी अकरा महिने ज्याच्यासाठी तळमळत होते ते त्यांनी असं डब्याचं झाकण लावावं तसं लावून टाकलं. मी हलकी झाले. खोटं का बोलू, मला आनंद झाला. मी म्हणाले, ''मग चला ना आई. मग आमच्याकडचं जेवण का नाही घेतलंत? इथे एकट्या का बसलात?''

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते माझ्यासाठी नव्हतं.

''सून परक्या घरची. तिला अडचण झाली, ती बोलली. पण तिथे माझे दोन मुलगे उभे होते. थोरला म्हणाला, पुरे झालं. तेही तूच त्याला शिकवलेलं. धाकट्याला ते लागलं, मला दिसलं. त्याचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, चला, एकाला तरी लागलं. तो पिशवी भरायला लागला. मी म्हटलं, आता म्हणेल, आई, चल. मी वाट नाही बघितली त्याच्या म्हणण्याची. चष्मा घेतला, औषधाची पुडी घेतली. पायात चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिले, म्हणजे त्याला थांबावं लागू नये. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या बाजूने वळून गेला. येतो म्हणाला. जिन्यावर एकदासुद्धा मागे बघितलं नाही. पोरी, माझ्या अपमानासाठी तो घर सोडून गेला, आणि मला तिथेच ठेवून गेला.''

मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ''उद्या भाजीत मीठ कमी घाल.''

तुम्हाला मी चार पत्रं लिहिली. प्रत्येकात मी गुन्हेगार होते आणि तुम्ही रागावलेले. तुम्ही येऊन सांगाल आणि आई मला माफ करतील, असं मला वाटत होतं. त्या तुमची वाट बघत नाहीत, भाऊजी. घरही तुमच्यासाठी राखत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, मला राहायला जागा हवी होती, ती मिळाली.

मला हे लिहायचं नव्हतं. पण घरी येताना ते सहा मजले उतरताना मला एक आठवलं, आणि ते मी कुणालाच सांगू शकत नाही, तुमच्या दादांनाही नाही. तुम्ही जिना उतरलात तेव्हा मी नळापाशी उभी होते. मला आई दिसल्या होत्या. दारात, चपला घातलेल्या, हातात चष्मा आणि पुडी. तुम्ही गेलात तरी त्या तशाच उभ्या होत्या. मला वाटलं, पाण्याला येताहेत, म्हणून मी माझी बादली बाजूला घेतली.

वहिनी